खाडीच्या चिखलातील जांभळे जिवाणू आणि भाताचे खाचर

मुंबईच्या पूर्व उपनगरांतील देवनार हे ठाणे खाडीच्या पश्चिम काठाला लागून असलेले ठिकाण होय. खाडीच्या बाजूस तेथे तिवरांचे रान व भरतीच्या पाण्याने भिजणारा काळा चिखल आहे. याच काठावर १९२७ सालापासून शहराचा कचरा टाकला जाऊ लागला आणि १९७१ साली मुंबई महानगरपालिकेचा मोठा कत्तलखाना देवनार येथे सुरू झाला. कुजणारे पदार्थ, समुद्राचे खारे पाणी आणि हवा न शिरणारा चिखल या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे नाकाला सडक्या अंड्यासारखा वास येतो. हा वास खारजमिनीत भात पिकविणाऱ्या कोकणातील शेतकऱ्यालाही अपरिचित नाही. खाचरात पाणी फार दिवस तुंबून राहिले, किंवा लावणीच्या तोंडावर हिरवा पालापाचोळा चिखलात गाडला गेला, म्हणजे पाय टाकताच तोच वास वर येतो व मागाहून रोपे पिवळी पडू लागतात.

अशा चिखलाचा एक थर फावड्याने उभा कापून पाहिल्यास त्यात निरनिराळे रंग दिसू शकतात. वरचा थर तपकिरी किंवा हिरवट असतो. तळाचा थर काळा असतो. या दोहोंच्या मध्ये काही ठिकाणी लालसर किंवा जांभळट रंगाची अगदी पातळ साय आढळते. ही साय म्हणजे माती नव्हे किंवा रंगाचा डागही नव्हे. ती कोट्यवधी सजीवांची वस्ती असते. त्या सजीवांना जांभळे जिवाणू असे म्हणतात. सूर्यप्रकाशाच्या बळावर जगणारे, परंतु वनस्पतींप्रमाणे प्राणवायू न सोडणारे हे जिवाणू आहेत. त्यांचे जीवन कसे चालते, भाताच्या मुळांशी त्यांचा संबंध कोणता, आणि त्यांच्याकडून कोणत्या कामाची अपेक्षा करावी व कोणत्या कामाची करू नये, हे समजून घेणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे. अलीकडे याच जिवाणूंचे लाल द्रावण बाटल्यांतून विकले जाते, म्हणून तर ही माहिती अधिकच आवश्यक झाली आहे.

चिखल काळा का होतो?

खाचरात पाणी भरले म्हणजे मातीच्या कणांमधील हवा बाहेर पडते. मातीतील असंख्य जिवाणू उरलेला प्राणवायू थोड्याच अवधीत, बहुधा एक-दोन दिवसांत, वापरून टाकतात. पाण्यातून नवा प्राणवायू फार सावकाश खाली उतरतो, त्यामुळे चिखलाचा वरचा काही मिलिमीटर जाडीचा थर सोडला तर खालच्या भागास तो मिळत नाही. तथापि जिवाणूंचे काम थांबत नाही. प्राणवायूच्या जागी ते क्रमाक्रमाने दुसरे पदार्थ वापरू लागतात. प्रथम नायट्रेट, नंतर मँगनीज व लोह यांची संयुगे, त्यानंतर सल्फेट आणि सर्वांत शेवटी कर्बाम्ल वायू म्हणजेच कार्बन डाय-ऑक्साइड, असा हा क्रम आहे.

सल्फेट वापरणाऱ्या जिवाणूंपासून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार होतो. सडक्या अंड्याचा वास तो याचाच. हा वायू चिखलातील लोहाशी संयोग पावला म्हणजे लोहाचे काळे सल्फाइड बनते आणि चिखलाला काळा रंग येतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. नदीच्या गोड पाण्यात त्याचे प्रमाण फारच थोडे असते. म्हणून देवनारसारख्या खाडीकाठी, तसेच बांध फुटून किंवा उघाडी नादुरुस्त होऊन ज्या खारजमिनीत समुद्राचे पाणी शिरते तेथे, हा वायू अधिक निर्माण होतो.

हायड्रोजन सल्फाइड हे मुळांना विष आहे. ते मुळांचा श्वासोच्छ्वास रोखते व त्यामुळे अन्नद्रव्ये शोषून घेण्याची त्यांची शक्ती कमी होते. जपानमध्ये लोह कमी असलेल्या काही भातजमिनींत पीक आरंभी जोमदार दिसून पुढे एकाएकी खालावते. या विकाराला तेथे ‘अकिओची’ म्हणजे शरद ऋतूतील घट असे नाव आहे, आणि हायड्रोजन सल्फाइडने होणारी मुळांची हानी हे त्याचे एक मुख्य कारण ठरले आहे. कोकणातील तांबड्या जांभ्या जमिनीत लोह भरपूर असल्यामुळे हा वायू बराचसा बांधला जातो. खारजमिनीत मात्र सल्फेटचा पुरवठा समुद्राकडून होत असल्याने तेथे अधिक सावध राहणे इष्ट असते.

प्रकाशावर जगण्याची वेगळी रीत

हिरव्या वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने कर्बाम्ल वायू व पाणी यांपासून आपले अन्न बनवितात आणि प्राणवायू बाहेर टाकतात. या क्रियेस प्रकाशसंश्लेषण म्हणतात. जांभळे जिवाणूही प्रकाशसंश्लेषण करतात, परंतु त्यांची रीत वेगळी आहे. वनस्पती पाण्यातून हायड्रोजन घेतात व प्राणवायू मोकळा होतो. गंधकप्रिय जांभळे जिवाणू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइडमधून हायड्रोजन घेतात. त्यामुळे प्राणवायूऐवजी गंधक मोकळे होते. क्रोमॅशियम या जातीच्या जिवाणूच्या शरीरात गंधकाचे हे चमकदार कण सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. पुढे हे गंधकही वापरले जाऊन त्याचे सल्फेट होते. अशा रीतीने मुळांना घातक असणारा वायू निरुपद्रवी स्वरूपात परत जातो.

या साध्या तुलनेतून विज्ञानात मोठा शोध लागला. डच वंशाचे शास्त्रज्ञ कॉर्नेलिस व्हॅन नील यांनी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात या जिवाणूंचा अभ्यास करून १९३१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हायड्रोजन सल्फाइडपासून जर गंधक मोकळे होत असेल, तर वनस्पतींनी सोडलेला प्राणवायू कर्बाम्ल वायूतून येत नसून पाण्यातूनच येत असला पाहिजे, असा तर्क त्यांनी मांडला. १९४१ साली रुबेन व केमेन यांच्या गटाने जड प्राणवायूचा उपयोग करून केलेल्या प्रयोगांनी त्यास पुष्टी दिली. भाताचे पान दिवसभर जो प्राणवायू सोडते, त्याचे उगमस्थान पाणी आहे हे ज्ञान मनुष्याला अशा प्रकारे चिखलातील जिवाणूंच्या अभ्यासातून मिळाले.

दलदलीचा रहिवासी

जांभळ्या जिवाणूंचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग वर सांगितलेल्या गंधकप्रिय जिवाणूंचा. दुसऱ्या वर्गातील जिवाणूंना हायड्रोजन सल्फाइड थोड्या प्रमाणातच सोसते. ते मुख्यतः कुजणाऱ्या पदार्थांतून निघणारी सेंद्रिय आम्ले प्रकाशाच्या साहाय्याने वापरतात. या दुसऱ्या वर्गातील अत्यंत परिचित जाती म्हणजे ऱ्होडोस्यूडोमोनास पॅलुस्ट्रिस. ‘पॅलुस्ट्रिस’ या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘दलदलीत राहणारा’ असा आहे. हान्स मोलिश यांनी १९०७ साली या जिवाणूचे वर्णन केले व १९४४ साली व्हॅन नील यांनी त्यास सध्याच्या नावाच्या गटात घातले. तळ्याचा गाळ, समुद्रकाठचा चिखल, शेणखताचे पाणी, गांडुळांची विष्ठा अशा अनेक ठिकाणी तो सापडतो.

या जिवाणूचा आकार काडीसारखा असून त्याची रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही थोडी कमी असते. त्याची वाढ होण्याची पद्धती विशेष आहे. बहुतेक जिवाणू मध्यभागी दुभंगून एकाचे दोन होतात. पॅलुस्ट्रिसच्या एका टोकातून मात्र बारीक नळी निघते व तिच्या शेवटी अंकुराप्रमाणे नवा जिवाणू तयार होतो. हा नवा जीव शेपटीच्या साहाय्याने पोहत दूर जातो आणि योग्य जागा मिळाल्यावर स्थिर होऊन पुन्हा अंकुरतो. कित्येकदा असे अनेक जिवाणू एका केंद्राभोवती चिकटून फुलाच्या पाकळ्यांसारखा पुंजका बनवितात.

या जिवाणूचा खरा विशेष म्हणजे परिस्थितीप्रमाणे उपजीविका बदलण्याची त्याची क्षमता. प्रकाश असून प्राणवायू नसेल, तर तो प्रकाशावर जगतो. अशा वेळी शरीर बांधण्यासाठी लागणारा कर्ब तो सेंद्रिय पदार्थांतून किंवा कर्बाम्ल वायूतून घेऊ शकतो. अंधार असून प्राणवायू असेल, तर तो इतर सामान्य जिवाणूंप्रमाणे श्वसन करतो, आणि त्याही वेळी त्याला सेंद्रिय किंवा असेंद्रिय पदार्थ चालतात. अशा चारही रीतींनी जगू शकणारे सजीव थोडेच आहेत. २००४ साली या जिवाणूच्या आनुवंशिक द्रव्याचा संपूर्ण आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात सुमारे ४,८०० जनुके आढळली. हवेतील नत्र बांधून घेणाऱ्या विकराचे तीन निरनिराळे प्रकार तयार करण्याची क्षमता त्याच्यात असल्याचेही त्यावरून दिसून आले.

नत्र बांधण्याचे हे काम चालू असताना या जिवाणूंतून हायड्रोजन वायूही निघतो. त्यांच्याच नात्यातील ऱ्होडोस्पिरिलम रुब्रम या जातीत ही गोष्ट गेस्ट व केमेन यांनी १९४९ साली प्रथम दाखवून दिली. याशिवाय पेंढा, लाकूड यांसारखे कठीण पदार्थ इतर सूक्ष्मजीवांनी फोडल्यावर जे चिवट तुकडे शिल्लक राहतात, त्यांपैकी पुष्कळ तुकडे पॅलुस्ट्रिस हवेवाचूनही पचवू शकतो. कुजण्याच्या क्रियेत हा शेवटच्या टप्प्यावरील कामकरी आहे असे म्हणता येईल.

पिकाने सोडून दिलेला प्रकाश

भाताची वाढ होऊन पाने एकमेकांस भिडली म्हणजे खाली सावली पडते. मग या सावलीत प्रकाशावर जगणाऱ्या जिवाणूंचे कसे चालते, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. याचे उत्तर त्यांच्या रंगात आहे. पानातील हरितद्रव्य तांबडा व निळा प्रकाश शोषून घेते. तांबड्याच्या पलीकडचा, मानवी डोळ्यास न दिसणारा अवरक्त प्रकाश मात्र पान शोषीत नाही. त्याचा मोठा भाग पानातून आरपार खाली जातो किंवा परावर्तित होतो. जांभळ्या जिवाणूंमधील हरितद्रव्य वेगळ्या प्रकारचे असून ते नेमका हाच प्रकाश पकडते. जर्मन शास्त्रज्ञ एंगेलमान यांनी १८८३ सालीच हे जिवाणू अदृश्य अवरक्त प्रकाशाकडे गोळा होतात असे पाहिले होते. पिकाला ज्या प्रकाशाचा उपयोग नाही, त्यावर हे जिवाणू गुजराण करतात. म्हणून त्यांचा पिकाशी प्रकाशासाठी झगडा होत नाही.

तरीही या सोयीला एक मर्यादा आहे व ती ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. चिखलात प्रकाश केवळ काही मिलिमीटर खोल जातो. भाताची मुळे त्याहून पुष्कळ खोल असतात. या जिवाणूंना प्रकाश हवा असतो, परंतु प्रकाशावर जगताना त्यांना प्राणवायू नको असतो. वरून प्रकाश व खालून हायड्रोजन सल्फाइड जेथे एकमेकांस भेटतात आणि प्राणवायू जेथे संपलेला असतो, त्या अरुंद पट्ट्यातच त्यांचे मुख्य कार्य चालते. त्या पट्ट्याच्या खाली असलेल्या मुळांपर्यंत हे जिवाणू प्रकाशाचे बळ पोहोचवू शकत नाहीत. तेथे भाताचे रोप स्वतःच आपल्या खोडातील पोकळ वाटांनी मुळांकडे हवा नेते व मुळांभोवती थोडा प्राणवायू सोडते. रोप निरोगी असेल तरच हे काम नीट चालते.

दोन समज दूर करणे आवश्यक

खाचरातील जांभळे जिवाणू आणि नील-हरित शैवाल यांची गल्लत केली जाते. नील-हरित शैवाल हेही वस्तुतः जिवाणूच आहेत, परंतु ते वनस्पतींप्रमाणे पाणी वापरतात व प्राणवायू सोडतात. ॲनाबीना, नॉस्टॉक, टॉलिपोथ्रिक्स ही त्यांतील काही नावे होत. भाताच्या खाचरात नत्र बांधण्याचे मोठे काम हे शैवाल करतात, हे पी. के. डे यांनी भारतीय भातजमिनींवरील प्रयोगांवरून १९३९ साली दाखविले. परिस्थिती अनुकूल असल्यास त्यांच्यापासून एका हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नत्र मिळू शकते असे मानले जाते. जांभळे जिवाणूही नत्र बांधतात खरे, पण तेवढ्यावर विसंबून नत्रखताची मात्रा कमी करू नये.

दुसरी गल्लत मिठागरांच्या बाबतीत होते. मिठागराच्या शेवटच्या कुंडीत मीठ बसू लागले म्हणजे पाणी गुलाबी किंवा तांबडे दिसते. तो रंग जांभळ्या जिवाणूंचा नसतो. अत्यंत खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या हॅलोबॅक्टेरियमसारख्या निराळ्या सूक्ष्मजीवांचा व ड्युनालिएला नावाच्या शैवालाचा तो रंग असतो. हॅलोबॅक्टेरियममध्ये हरितद्रव्य मुळीच नसते. तेव्हा पाणी तांबडे दिसले की त्यात उपयुक्त जिवाणूच आहेत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

बरणीतील प्रात्यक्षिक

चिखलातील हे थर गावातील सर्वांना डोळ्यांनी दाखविता येतात. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी १८८० नंतरच्या दशकात योजलेली पद्धती त्यासाठी सोयीची असून तिला खर्च जवळजवळ नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ती करून दाखवावी.

काचेच्या दोन उंच, स्वच्छ बरण्या घ्याव्यात. आपल्याच खाचरातील किंवा तळ्यातील काळा चिखल आणून त्यातील दगड व काड्या काढून टाकाव्यात. ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ सालापासून फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून संरक्षित आहे आणि २०२२ साली त्याचा समावेश रामसर यादीतील पाणथळ जागांत झाला आहे. शिवाय कचराभूमीजवळील चिखलात काचा व घाण असते. म्हणून चिखल तेथून आणू नये. एक तृतीयांश चिखलात मूठभर बारीक चिरलेला पेंढा किंवा कागदाचे कपटे, एक चमचा जिप्सम आणि एक चमचा अंड्याच्या कवचाची पूड मिसळून तो बरणीच्या तळाशी घालावा. त्यावर उरलेला साधा चिखल हवा न राहील अशा बेताने दाबून भरावा. वर दोन बोटे पाणी ठेवावे. तोंडावर प्लास्टिकचा कागद बांधून त्यास टाचणीने छिद्रे पाडावीत. बरणीचे तोंड घट्ट बंद करू नये, कारण आत वायू साठतो.

एक बरणी खिडकीजवळ उजेडात, पण कडक ऊन लागणार नाही अशी ठेवावी. दुसरी बरणी तशीच भरून अंधाऱ्या कपाटात ठेवावी. पहिल्या एक-दोन आठवड्यांत दोन्ही बरण्यांचा तळ काळा पडू लागेल. पुढे महिना ते दोन महिन्यांच्या अवधीत उजेडातील बरणीत काचेच्या कडेने लाल, जांभळे व हिरवे डाग दिसू लागतात. वरच्या पाण्यात हिरवा थर, त्याखाली तांबूस भाग, मग जांभळा पट्टा, त्याखाली हिरव्या गंधक-जिवाणूंचा पट्टा व तळाशी काळा चिखल, असा क्रम पुष्कळदा आढळतो. प्रत्येक चिखलात तो सारखाच दिसेल असे नाही. अंधारातील बरणीत हे रंग येत नाहीत. हे जिवाणू प्रकाशावाचून आपले खास काम करू शकत नाहीत, ही गोष्ट दोन बरण्या शेजारी ठेवताच लहान मुलांच्याही ध्यानात येते. बरणी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

बाटलीतील लाल द्रावण

जपानमधील क्योटो विद्यापीठातील मिचिहारु कोबायाशी यांनी भातखाचरांतील प्रकाशसंश्लेषक जिवाणूंचा व सांडपाणी शुद्ध करण्यासाठी होणाऱ्या त्यांच्या उपयोगाचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यानंतर आशियातील निरनिराळ्या देशांत कोळंबीच्या तलावांत, सांडपाण्याच्या टाक्यांत व पिकांवर या जिवाणूंचा वापर होऊ लागला. आपल्याकडेही अशी द्रावणे ‘पीएसबी’ या नावाने मिळतात. येथे शेतकऱ्याने विशेष सावध राहावे. कृषी खात्याच्या शिफारशींत ‘पीएसबी’ ही अक्षरे बहुधा स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंसाठी वापरलेली असतात. या जिवाणुखताचा समावेश २००६ साली खत नियंत्रण आदेशात करण्यात आला. प्रकाशसंश्लेषक जिवाणू हे त्याहून सर्वस्वी भिन्न आहेत. एकाच्या जागी दुसरे घेतल्यास अपेक्षित परिणाम होणार नाही. म्हणून बाटलीवर जिवाणूचे पूर्ण नाव, प्रति मिलिलिटर जिवाणूंची संख्या, उत्पादकाचे नाव व वापरण्याची अंतिम तारीख पाहूनच ती विकत घ्यावी आणि पावती जपून ठेवावी.

अंडे फेटून पाण्यात घालणे व ते बाटलीत भरून उन्हात ठेवणे अशी घरगुती पद्धतीही सांगितली जाते. अशा बाटलीत लाल रंग आला तरी त्यात केवळ हेच जिवाणू वाढले आहेत असे समजता येत नाही. अंड्यावर इतर जिवाणूही वाढतात व त्यांपैकी काही मनुष्यास रोगकारक असतात. म्हणून असे द्रावण कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीपाल्यावर कदापि फवारू नये. द्रावण काळे पडल्यास ते वापरू नये.

द्रावण वापरावयाचेच असल्यास आरंभी सर्व शेतावर वापरू नये. एकाच खाचराचे बांध घालून दोन सारखे वाफे करावेत. दोहोंत बियाणे, लावणीची तारीख, खत व पाणी सारखे ठेवावे. एका वाफ्यात द्रावण घालावे, दुसरा तुलनेसाठी तसाच ठेवावा. कापणीनंतर दोन्ही वाफ्यांचे धान्य वेगवेगळे मळून, वाळवून वजन करावे. वाढलेल्या धान्याची किंमत द्रावणाच्या खर्चाहून अधिक आली तरच पुढील वर्षी त्याचा विचार करावा. शेजाऱ्याच्या बोलण्यापेक्षा किंवा जाहिरातीपेक्षा हा तराजू अधिक विश्वसनीय आहे.

मुळांची काळजी हेच मुख्य काम

मुळांची स्थिती पाहण्यासाठी लावणीनंतर तीन-चार आठवड्यांनी खाचरातील निरनिराळ्या जागी दोन-तीन चूड अलगद उपटून पाण्यात धुवावेत. मुळे पांढरी किंवा लोहाच्या लेपाने तांबूस-तपकिरी असतील, तर चिंतेचे कारण नाही. ती काळी पडलेली असून त्यांस सडक्या अंड्याचा वास येत असेल, तर खाचरात हायड्रोजन सल्फाइडचा त्रास आहे असे समजावे. अशा वेळी जिवाणूंची बाटली हा पहिला उपाय नव्हे. गोड्या पाण्याची सोय असल्यास जुने पाणी काढून ताजे पाणी घ्यावे. गोड्या पाण्याच्या साध्या खाचरात फुटवे येण्याच्या काळात काही दिवस पाणी काढून जमिनीस हवा लागू द्यावी. खारजमिनीत मात्र जमीन कोरडी पडू देऊ नये, कारण तळातील क्षार वर येतात. तेथे पावसाचे पाणी आत घेऊन ओहोटीच्या वेळी उघाडीतून जुने पाणी बाहेर सोडणे हाच योग्य मार्ग आहे.

हिरवळीचे खत किंवा पेंढा गाडावयाचा असल्यास तो लावणीपूर्वी पुरेसे दिवस आधी गाडून कुजू द्यावा. शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे. जेथे असा त्रास वारंवार होतो तेथे नत्रासाठी अमोनियम सल्फेटऐवजी युरिया वापरणे बरे, कारण अमोनियम सल्फेटमधून जमिनीत आणखी सल्फेट पडते. समुद्राचे पाणी आत येऊ न देणे हा खारजमिनीतील सर्वांत मोठा उपाय होय, व म्हणून बांध आणि उघाडी यांची दुरुस्ती पावसाळ्यापूर्वीच करून घ्यावी. खारजमिनीस मानवणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या भाताच्या जाती पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्रात तयार झाल्या आहेत. आपल्या जमिनीस कोणती जात योग्य हे कृषी खात्याच्या स्थानिक कार्यकर्त्याकडून विचारून घ्यावे.

देवनारच्या काठावरील चिखलातून या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट होते. कुजणारे पदार्थ मर्यादेत असतात, त्यांवर प्रकाश पडतो व पाणी खेळते असते, तेव्हा चिखलातील सूक्ष्म कामकरी घाणीचा बराचसा निचरा करतात. घाण प्रमाणाबाहेर वाढली व प्रकाशाची वाट बंद झाली की त्यांचा इलाज चालत नाही. ते नाहीसे होत नाहीत, परंतु त्यांचे काम अपुरे पडते. भाताच्या खाचरालाही हाच नियम लागू आहे. जांभळे जिवाणू आपल्या खाचरात बहुधा आधीपासूनच असतात, त्यांना विकत आणावे लागतेच असे नाही. त्यांना पेलेल इतकेच काम त्यांच्यासाठी शिल्लक ठेवणे, म्हणजेच पाणी खेळते ठेवणे, कच्चे खत न गाडणे व समुद्रास बांधाबाहेर रोखणे, हे शेतकऱ्याच्या हाती आहे. एवढे केल्यास मुळे पांढरी राहतील आणि पिकाची निम्मी काळजी लावणीनंतरच्या पहिल्या महिन्यातच दूर होईल.